पब्लिकचं कडवं

ऑर्केस्ट्रात पाच वर्षं काढलेल्या माणसाकडे गाण्यांपेक्षा किस्सेच जास्त साठतात. २०१४ ते २०१९, तलासरीच्या एका ऑर्केस्ट्रा पार्टीत मी कीबोर्ड वाजवला. गाणी बोटं विसरली, किस्से राहिले. आधी मी ते चहावर हसायला सांगायचो. हल्ली सांगताना मधेच थांबतो.

* * *

आमचा गायक विकी म्हणजे रॉकस्टार. हे मी म्हणत नाही, टेम्पोवर तसं लिहिलंच होतं! गंजाडला एका हळदीला आम्ही असा काही बास सोडला की शेजारच्या घराची कौलं सरकली. घरमालक धावत आला.

विकी माईकवरूनच म्हणाला, "काका, आपल्या गाण्यावर कौलं पण नाचतात!"

"नाचू दे की. पण परत बसवायला तूच चढायचं!"

पब्लिक लोळलं. विकी काही चढला नाही. दुसऱ्या दिवशी आमचा ढोलकीवाला जयवंत गुपचूप जाऊन कौलं नीट करून आला.

* * *

आमचं हिट गाणं 'जीप सुटली गं'. मुखडा विकीचा. कडवं जयवंतने कासा ते तलासरी जीपमध्ये बसून, एका लग्नपत्रिकेच्या मागे लिहिलं. माझ्या डोळ्यांसमोर.

"रुमाल टाकून जागा धरली, कासा सुटलं, चारोटी गेली,
तू काय आली नाहीस पोरी, रुमालानंच सोबत केली."

मी विचारलं, "कोण रे ही?"

"आहे कोणतरी," म्हणाला, आणि पत्रिका खिशात घातली. त्या मुलीचं लग्न त्याच आठवड्यात विवळवेढ्याला झालं. तिथे आम्हीच वाजवलं. जयवंतची ढोलकी त्या दिवशी एकदाही चुकली नाही.

* * *

कडवं इतकं चाललं की विकी गायचा मुखडा आणि कडव्याला माईक पब्लिककडे! हजार माणसं एका सुरात ओरडायची.

मी म्हटलं, "अरे, एकदा तरी तू गा."

"पब्लिक गातंय ना? मग मी कशाला घसा फोडू?"

कासा बाजारात पेनड्राइव्हवर ते गाणं मिळायला लागलं. वर विकीचा गॉगलवाला फोटो, खाली 'गीत, संगीत, गायन : विकी'. जयवंतने फक्त एवढंच विचारलं, "कडव्याला माझं नाव टाकशील?"

विकीने त्याच्या खांद्यावर हात टाकला. "जय्या, ते कडवं आता ना तुझं, ना माझं. पब्लिकचं झालं ते!"

आम्ही सगळे हसलो. मी पण. त्याची मला आज लाज वाटते.

* * *

मग नवे स्पीकर आले, दरवाजाएवढे. टेम्पो भरला आणि जयवंत ढोलकी घेऊन खालीच उभा राहिला.

विकी वरून म्हणाला, "जागा नाय रे. आणि ढोलकी याच्या कीबोर्डमध्ये आहे, एक बटण दाबलं की झालं."

जयवंतने माझ्याकडे पाहिलं. मी 'नाही' म्हणू शकत होतो. त्या दिवशी गाण्याला ढोलकी लागली आणि मी बटण दाबलं. जयवंत कासा-तलासरी जीप चालवायला लागला.

* * *

२०१९ला विकीने मोबाइलवर परदेशातल्या कुठल्याशा गायकाचा शो पाहिला. स्टुलावर बसून, नुसत्या गिटारवर, आपलीच गाजलेली गाणी हळू म्हणणारा.

"आपण पण अनप्लग्ड करायचं!"

साउंडवाला म्हणाला, "मग मी काय करू?"

"तू वायरी गुंडाळ."

मला पेटी मिळाली. पण ढोलकी? तिला तर आता बटण चालणार नव्हतं. आम्ही कासा स्टँडवर गेलो. जयवंत जीप पुसत होता. विकीचं सगळं बोलणं त्याने ऐकून घेतलं.

"टेम्पोत जागा आहे का?"

विकीची मान खाली गेली.

"राहू दे," जयवंत म्हणाला. "मी माझ्या जीपने येतो."

* * *

डहाणूतला एक छोटा हॉल. खुर्च्यांवर बागायतदार, शिक्षक, डॉक्टर, सगळे हाताची घडी घालून. विकी स्टुलावर बसून, हॉलच्याच एका माईकवर 'जीप सुटली गं' हळू गायला. खरं सांगतो, सुंदर गायला. पाच वर्षांत त्याचा खरा आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

कडवं आलं. सवयीने विकीने माईक पुढे केला.

हॉल चिडीचूप. पहिल्या रांगेतल्या एका बाईंना वाटलं, आपल्यालाच गायला सांगतोय. त्यांनी लाजून नको नको म्हणत हात हलवला.

विकीने माईक तोंडाशी आणला. तोंड उघडलं, आणि तसंच राहिलं. मग माईक मांडीखाली दाबून तो मागे वळला.

"जय्या, पहिला शब्द दे. फक्त पहिला."

जयवंतने ठेका सोडला नाही. "पब्लिकला विचार ना," म्हणाला.

जयवंत तोच ठेका परत, परत वाजवत होता. लोकांना वाटलं ही काहीतरी नवीन स्टाइल आहे, ते तालावर टाळ्या वाजवायला लागले. विकीने माझ्याकडे पाहिलं.

मला कडवं पाठ होतं. मी पेटीचा भाता हलवत राहिलो.