पडला की उठवायचा

इस्पितळातल्या दीडशे कॉम्प्युटरांना बाहेर जायची एकच वाट होती, प्रॉक्सी सर्व्हर नावाची. ती वाट सांभाळणाऱ्या बाईंना सगळे ‘फाटकवाल्या बाई’ म्हणत. बावीस वर्षांपूर्वी त्या टायपिस्ट म्हणून लागल्या. मशिनं आली तसे जुने लोक बदल्या मागून निघून गेले, बाई पुस्तकं उघडून बसल्या. “शिकवणारं कोणी नव्हतं, म्हणून नापास करणारंही कोणी नव्हतं,” असं त्या सांगत.

चार वर्षांपूर्वी सासूबाई अंथरुणाला खिळल्या. इकडे हातात बेडपॅन आणि तिकडे फोन, “बाई, नेट गेलं!” वैतागून त्यांनी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. सर्व्हर पडला की तो अर्ध्या मिनिटात आपोआप उठवायचा, कोणत्या मशिननं काय मागितलं याची आधीची नोंद पुसून, पाटी कोरी करून. फोन थांबले. सासूबाई गेल्या, प्रोग्रॅम राहिला. सर्व्हर कशानं पडतो हे बघायची वेळच कधी आली नाही.

तीन आठवड्यांपूर्वी सर्व्हर बनवणाऱ्यांची सूचना आली होती. एखाद्या मशिननं न संपणारी मागणी पाठवली की सर्व्हर ती ऐकतच बसतो आणि पोट फुटून कोसळतो. अशी एक मागणीसुद्धा पुरते. इलाज होता, पण त्यासाठी दहा मिनिटं सगळं बंद ठेवायला हवं होतं.

“दहा मिनिटं? ओपीडी माझ्या डोक्यावर बसवता का?” प्रशासनाचे साहेब म्हणाले. बाईंनीही फार ताणलं नाही. फोन तर येत नव्हते.

आज अकरा वाजता समोरच्या सीटी स्कॅनच्या खोलीतून तंत्रज्ञ धावत आला.

“ताई, स्कॅन जात नाहीये! पोचायला चार मिनिटं लागतात आणि तिसऱ्या मिनिटाला तुटतंय. तुटलं की पुन्हा पहिल्यापासून.”

स्कॅन धुलाईखात्यातल्या दादांचा होता. सात वाजता ते हसत कामावर आले आणि दहाच्या सुमारास चादरींच्या ढिगावर तोंड वाकडं होऊन पडलेले सापडले. मेंदूत गुठळी असेल तर ती विरघळवणारं इंजेक्शन माणूस शेवटचा धड दिसल्यापासून साडेचार तासांत, म्हणजे साडेअकराच्या आत द्यायचं. रक्तस्राव असेल तर त्याच इंजेक्शननं माणूस जायचा. दोन्हींतलं काय ते स्कॅन बघून सांगणारे डॉक्टर दुसऱ्या शहरात होते.

“मोबाइलवर फोटो काढून पाठव ना.”

“पाठवले. म्हणाले, असल्या फोटोवर मी कुणाच्या जिवाशी खेळणार नाही.”

दारातल्या बाकावर दादांची बायको बसली होती, नवऱ्याच्या चपला मांडीवर घेऊन.

बाईंनी स्क्रीन पाहिला. सर्व्हर उठत होता, पडत होता. प्रोग्रॅम किती वेळा धावला याचा आकडा कोपऱ्यात होता. तीन आठवड्यांत सातशे बारा. एखाद्यानं दुखणं अंगावर काढावं तसं चाललं होतं, आणि कण्हणाऱ्याच्या तोंडावर हात ठेवला होता तो आपणच.

कोण पाडतंय ते नोंदीच्या शेवटच्या ओळीत मिळणार. आणि ती नोंद तर प्रोग्रॅम दर वेळी पुसत होता.

बाईंनी प्रोग्रॅम बंद केला. अकरा वाजून नऊ मिनिटांनी सर्व्हर पडला आणि पडूनच राहिला. टेबलावरचे दोन्ही फोन एकदम वाजायला लागले. साहेब आत शिरले.

“बाई, काय करताय? आधी चालू करा!”

“नाही करणार.”

“म्हणजे?”

“चालू केला तर तीन मिनिटांनी परत पडेल. वाचू द्या मला.”

“तो माणूस तिकडे मरतोय!”

“म्हणूनच म्हणते, गप्प बसा.”

बावीस वर्षांत त्या साहेबांना असं बोलल्या नव्हत्या.

शेवटची ओळ अर्धवट होती, पण मशिनचा नंबर पुरा होता. बाईंनी मशिनांच्या नंबरांच्या वहीत बोट फिरवलं. ओपीडीतला टोकन दाखवणारा बोर्ड! कंपनीच्या माणसानं तीन आठवड्यांपूर्वीच त्याच्यात नवीन काहीतरी भरलं होतं, आणि आज सकाळी तसलेच आणखी दोन लावले होते. बाई जिना उतरून धावल्या आणि तिन्ही बोर्डांच्या वायरी त्यांनी उपटल्या.

“अहो, माझा नंबर गेला!” रांगेतून कोणीतरी ओरडलं.

“नावानं हाका मारतील!” बाई पळता पळता म्हणाल्या.

सव्वाअकराला सर्व्हर चालू झाला. तिसरं मिनिट आलं. तंत्रज्ञ डोळे मिटून उभा राहिला. बाईंना मिटता येईनात. चौथं मिनिट सरलं आणि स्कॅन पोचला. अकरा तेवीसला फोन आला: रक्तस्राव नाही, इंजेक्शन द्या. सिस्टर धावल्या.

दादांची बायको उठून उभी राहिली. “बरं होईल म्हणाले का हो?”

“ते अजून नाही सांगता येत. पण इंजेक्शन वेळेत मिळालंय,” बाई म्हणाल्या आणि तिच्याजवळ क्षणभर बसल्या.

साहेबांनी रुमालानं मान पुसली. “सुटलो. कुठं बोलू नका आता.”

बाईंनी स्क्रीन त्यांच्याकडे वळवला. “हे सातशे बारा बघा. माझ्या प्रोग्रॅमनं झाकलं होतं. अहवालात तसंच लिहिणार आहे.” मग त्यांनी फोन उचलला आणि एकेका विभागाला कळवायला सुरुवात केली. “बारा ते बारा दहा सगळं बंद राहील.”

“मला विचारलंत का?”

“तुम्हाला पण सांगतेच आहे ना,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी पुढचा नंबर फिरवला.