दहा जणांत मी

२०२१ च्या उन्हाळ्यात मला माझ्या सख्ख्या धाकट्या भावाचा हेवा वाटत होता, आणि तोही प्रार्थनेवरून. आम्ही ठाण्याचे बेने इस्राएल, मराठी बोलणारे ज्यू. कोविडच्या दुसऱ्या लाटेत बाबा गेले तेव्हा मी डब्लिनमध्ये अडकलो होतो आणि आयझॅक इस्राएलमध्ये. माती द्यायला दोघांनाही जाता आलं नाही. हाती उरलं ते कद्दिश, म्हणजे गेलेल्या आईबापासाठी मुलानं म्हणायची प्रार्थना. ती एकट्यानं म्हणता येत नाही, दहा पुरुष जमावे लागतात. आयझॅकच्या गल्लीत ते रोज जमायचे. "दादा, आज पण बाबांचं कद्दिश झालं रे," असा त्याचा व्हॉइस मेसेज रोज सकाळी यायचा. डब्लिनच्या चेरीवूड भागातल्या ऑफिसचं काम घरून करत मी तो ऐकायचो आणि उत्तर द्यायचो नाही. थोरला मी, आणि देवानं जवळ केलं ते त्याला, असं वाटून आतल्या आत जळायचो.

इथली प्रार्थनास्थळं उघडली तरी मी गेलो नाही. माझ्या तोंडाकडे बघून मला ज्यू कोण म्हणणार? शेवटी बायकोच म्हणाली, "जळून बाबांना काय पोचणार आहे? जाऊन तरी या."

रविवारी सकाळी शहराच्या दक्षिणेकडच्या एका वस्तीतल्या सिनेगॉगपाशी उभा राहिलो. उंच फाटक, सगळं बंद. 'एलियाहू हन्नाबी, आता तूच बघ,' असं आम्हा बेने इस्राएलांच्या अडीअडचणीला धावणाऱ्या त्या प्रेषिताला मनात म्हणून बेल दाबली. कुणी आलं नाही. परत फिरून कोपऱ्यापर्यंत गेलो, तोच मागून हाक आली. एक म्हातारे गृहस्थ धापा टाकत येत होते, मास्क हनुवटीवर घसरलेला.

"बेल तुम्हीच वाजवलीत? ज्यू आहात?"

"हो. भारतातला."

आता पुरावा मागतील, असं वाटलं.

"ग्रँड! मग चला लवकर. नऊच आहोत आम्ही, घरी निघालो होतो."

त्यांचं नाव हॅरी. आत भिंतीवरच्या पितळी पाट्यांवर त्यांच्या वडिलांचं, आजोबांचं नाव होतं आणि ते बरोबर त्याच्याखाली बसले. माझा हेवा पुन्हा उफाळला. माझ्या बाबांचं नाव इथे कुणाला ठाऊक?

"कुणासाठी म्हणणार?" हॅरींनी विचारलं.

"वडिलांसाठी. शालोम त्यांचं नाव."

त्यांनी ते नाव सगळ्यांना ऐकू जाईल असं उच्चारलं. मी सुरुवात केली. आमची चाल वेगळी, त्यांची वेगळी. मध्येच रडू फुटलं, तेव्हा कुणी घाई केली नाही. मग मास्कमागून सगळ्यांचं 'आमेन' आलं.

बाहेर पडताना हॅरी म्हणाले, "खरं सांगू? तुमच्या वडिलांचा हेवा वाटला मला. माझी मुलं लंडनला असतात, त्यांना यातलं काही नको. माझ्यामागे कोण म्हणणार?"

"मी म्हणेन," माझ्या तोंडून निघालं. त्यांनी माझा दंड घट्ट धरला आणि कितीतरी वेळ सोडला नाही.

त्यांना माझ्यामागे कुणी पाठवलं, याचा काथ्याकूट मी करत नाही. तूच बघ म्हणून बेल दाबली, एवढंच माझं. पुढचं त्याचं, आणि त्याचे उपकार फिटायचे नाहीत. हेवा अजूनही वाटतो कधीकधी. पण रविवारी उठून जातो. मी गेलो नाही, तर ते नऊच राहतात.