मिटलेल्या तोंडाचे फोटो

माझा धाकटा भाऊ कवळ्या करतो. दातांचे डॉक्टर माणसाच्या जबड्याचा साचा घेतात आणि डब्यात घालून त्याच्याकडे पाठवतात. हा मेण तापवतो, कोरतो, दात बसवतो आणि तयार कवळी त्याच डब्यातून परत धाडतो. तीस वर्षांत शेकडो लोकांना त्यानं पुन्हा चावायला लावलं असेल, पण त्यातल्या दहाजणांचेही चेहरे पाहिले नसतील. रस्त्यात कुणी हात केला की हा गोंधळतो. समोरचा बोलायला लागला, तोंड उघडलं, की मग याला ओळख पटते. माझ्या वरच्या आणि खालच्या, दोन्ही कवळ्या त्याच्याच. लोक विचारतात, ताई, या वयात दात इतके सरळ कसे? मी नुसती हसते.

मी स्वतः चौतीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं त्यात या शिकवण्याचा हात आहे.

गेल्या वर्षी माझी भावजय गेली. गच्चीवर कपडे वाळत घालताना कोसळली. कपड्यांचे चिमटे मुठीत तसेच होते. माणसं आली, गेली. भाची महिनाभर राहून नोकरीच्या गावी परत गेली. धाकटा रडला नाही. मला वाटलं, सावरला.

मग एका दुपारी त्याच्याकडे गेले ती दारातच थबकले. भिंतीवरचे सगळे फोटो गायब. लग्नाचा, भाचीच्या पदवीचा, सहलीचा, एकही नाही. बाकी भिंत मळलेली आणि फोटोंच्या जागी स्वच्छ चौकोन. माझं डोकंच फिरलं. पहिली शंका आली ती ही, की याच्या मनात दुसरं लग्न आहे. हातातली पिशवीही खाली न ठेवता मी सुरू झाले.

"वर्ष तरी होऊ द्यायचंस! जनाची नाही, निदान मुलीची तरी लाज?"

तो कामाच्या टेबलाशी बसला होता. समोर डॉक्टरांकडून आलेले डबे, न उघडलेले. मी मोजले नाहीत, पण टेबल दिसत नव्हतं.

"ताई, ओरडू नकोस," तो म्हणाला. "मला तिचा चेहरा आठवत नाही."

"आठवत नाही म्हणजे? फोटो कशाला असतात?"

"म्हणून तर काढले. फोटोकडे बघितलं की वाटतं, ही कोण? हिला मी ओळखत नाही. सव्वीस वर्षं जिच्याबरोबर राहिलो तिला मी ओळखत नाही, ताई."

 मी हातातली पिशवी खाली ठेवली आणि तिथल्याच स्टुलावर बसले.

डोक्याचे डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या. मेंदू ठणठणीत निघाला. त्यांनी सांगितलं, दुःख असंही करतं, कुणाशी तरी बोला. आता धाकट्याला बोलायला सांगणं म्हणजे भिंतीला सांगणं. शेवटी भाचीनं फोनवर एक नाव घेतलं, एक्स्प्रेसिव्ह आर्ट्स थेरपी.

"आत्या, यात बोलायलाच पाहिजे असं नाही. चित्र, माती, आवाज, अंगाची हालचाल, जे जमेल ते करायचं. जे तोंडातून निघत नाही ते हातातून निघतं."

"बरं. कुठे न्यायचं त्याला?"

"कुठेच नाही. ऑनलाइन असतं. लॅपटॉपसमोर बसायचं."

मी कपाळावर हात मारला. बायको गेलेल्या माणसाला हे काचेतून बरं करणार! पण पोरीचा आवाज रडवेला होता, म्हणून गप्प बसले.

आधी एक फॉर्म आला. त्या वेळी तुम्ही कुठल्या पत्त्यावर असाल, घरात कोण असेल, लाइन तुटली किंवा तुम्हाला काही झालं तर फोन कुणाला करायचा. तिथे माझा नंबर घातला. खाली सामानाची यादी होती. कागद, रंग, जुनी मासिकं, गोंद, माती किंवा मळलेली कणीक, पिण्याचं पाणी. हे माझं क्षेत्र. मी पेन्सिलींना टोकं केली, रंग क्रमानं लावले, जाड कागद पाटीला चिमट्यानं अडकवला आणि खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसले.

पडद्यावर एक तिशीची बाई आली. तिनं सगळं आधी समजावून सांगितलं. पन्नास मिनिटं चालेल. रेकॉर्डिंग होणार नाही. जे कराल ते तुमचं, मी कुणाला दाखवणार नाही. थांबावंसं वाटलं तर पंजा वर करा, कारण विचारणार नाही. मग म्हणाली, "खोलीत आणखी कुणी आहे का?"

"ताई आहे," धाकटा म्हणाला.

मी वाकून पडद्यात तोंड घातलं. "मी चित्रकलेची शिक्षिका. चुकलं तर सांगायला बसलेय."

"यात चुकत काही नाही, ताई," ती गोड आवाजात म्हणाली. "तुम्ही छान मांडून दिलंत. आता बाहेर बसाल? जाताना दार ओढून घ्या."

चौतीस वर्षं मी पोरांना वर्गाबाहेर काढलं. मला बाहेर काढणारं हे पहिलं माणूस, आणि तेही लॅपटॉपमधलं. मी दाराबाहेर उभी राहिले आणि, खोटं कशाला बोलू, कान दाराला लावला. हेडफोन घाला म्हणून तिनं सांगितलं होतं. यानं घातले नव्हते, त्यामुळे सगळं स्वच्छ ऐकू येत होतं.

"गेला आठवडा एका रंगात दाखवायचा झाला तर?" तिनं विचारलं.  मग पेन्सिलीची खरखर.

तो कागद मी नंतर पाहिला. पानभर राखाडी रेघा, पट्टीनं, अगदी सारख्या अंतरावर. मी दहापैकी चार दिले असते, तेही भाऊ म्हणून. बाईंनी विचारलं, "या रेघा ओढताना हाताला कसं वाटत होतं?" मी दाराबाहेर तोंडात बोट घातलं. चित्र कसं आलंय याची चौकशीच नाही, हाताला कसं वाटलं म्हणे!

पुढच्या आठवड्यात तिनं त्याला उभं केलं. खांदे वर घ्या, सोडा. आता तोंड मिटून एक सूर धरा, कुठलाही. मी किल्लीच्या भोकातून पाहिलं. त्रेपन्न वर्षांचा माझा भाऊ खांदे उडवत मिक्सरसारखा घुमत होता. मी हातानं तोंड दाबून हसले. हसता हसता लक्षात आलं की तो सूर मोडलाय. आतून जो आवाज येत होता तो घुमण्याचा नव्हता. अकरा महिन्यांत न रडलेला माणूस ढसाढसा रडत होता.

मी दाराच्या मुठीला हात घातला. तेवढ्यात आतून बाईंचा आवाज आला. "मी इथेच आहे. घाई नाही. तळपाय जमिनीला टेकलेत का बघा." नंतर धाकट्याचा आवाज, फुटलेला. "टेकलेत." एवढंच. रडू नका नाही, धीर धरा नाही. मी मूठ सोडली आणि स्वयंपाकघरात जाऊन बसले. जिला मी काचेतली बाई म्हणून हिणवत होते तिनं त्याला रडू दिलं होतं, आणि मी अकरा महिने त्याला शाबासकी देत होते, की बघा कसा सावरलाय.

तिसऱ्या खेपेला मातीचा दिवस होता. मी कणीक मळून दिली आणि या वेळी शहाण्यासारखी लांब बसले. अर्ध्या तासानं माझा फोन वाजला. बाईच होत्या.

"लाइन तुटली आहे. पुन्हा जोडतेय, पण तोवर आत जाऊन ते ठीक आहेत का, बघाल?"

मी धावतच दार उघडलं. लॅपटॉपचा पडदा काळा होता आणि धाकट्याला त्याचा पत्ताच नव्हता. कणकेला त्यानं हात लावला नव्हता. कामाचा स्पिरिटचा दिवा पेटवला होता, समोर पांढऱ्या मेणाच्या कांड्या, हातात कोरायची सुरी. डबे साचायला लागल्यापासून पहिल्यांदा ती सुरी त्याच्या हातात दिसली. आणि डाव्या तळव्यावर, गुलाबी मेणात रोवलेले, दात होते. वरची पुढची रांग.

सवयीनं माझी नजर आधी चूक शोधायला गेली. वाकडे होते. मधला एक दात दुसऱ्यावर चढलेला, त्याच्या शेजारचा आत वळलेला, डावा सुळा इतका वर की हिरडीतून डोकावत होता. ज्याच्या हातून जन्मात एक वाकडा दात गेला नाही त्यानं हे केलंय? मी म्हणणार होते, अरे, हे काय?

आणि मी ते ओळखले.

स्वयंपाकघरात ओट्याला टेकून, मान मागे टाकून, डोळे बारीक करून खदखदणारी माझी भावजय एका क्षणात समोर उभी राहिली. तिचा उजवा डोळा डाव्यापेक्षा जास्त मिटायचा. हसताना नाकाला सुरकुती पडायची. मी टेबलाची कड धरली. 

"ताई, ही बघ," धाकटा म्हणाला. त्याचा चेहरा ओला होता आणि तो हसत होता. "ही बघ, आली."

कानाशी धरलेल्या फोनमधून बाई विचारत होत्या, "ते ठीक आहेत ना?"  कसंबसं "हो" म्हटलं. तेवढ्यात पडदा उजळला, मी बाहेर आले आणि दार स्वतःच ओढून घेतलं. त्या दिवशी कान लावला नाही.

पन्नास मिनिटं संपल्यावर तो स्वयंपाकघरात आला. ते दात त्यानं बशीत ठेवून आणले होते. आम्ही दोघं समोरासमोर बसलो.

"आत्ता कळलं मला," तो म्हणाला. "फोटोत ती नव्हतीच. एकाही फोटोत तिनं तोंड उघडलेलं नाही. पोरीच्या मोबाइलमधले व्हिडिओसुद्धा बघितले. कॅमेरा वळला की तोंडावर हात. मी तोंड मिटलेल्या बाईला ओळखणार कसं? घरात ती कधी तोंड मिटून नव्हतीच." मग तो बशीकडे बघत राहिला. "फोटोच्या वेळी तिला काय व्हायचं, कोण जाणे."

मी बशीवरची नजर काढली. कारण मला माहीत होतं. विसरले होते, चांगली सव्वीस वर्षं विसरले होते, पण ते दात बघितल्याबरोबर शब्द न् शब्द आठवला. लग्नाच्या दिवशी फोटोग्राफरला बाजूला सारून मीच सगळ्यांना उभं केलं होतं. उंच मागे, बुटके पुढे, रंगसंगती बघून. नवी नवरी खुशीत होती, मोकळी हसत होती. मी तिची हनुवटी धरून म्हटलं होतं, "तोंड मीट गं. फोटोत दात दिसतात." एखाद्या पोराची रेघ खोडून सरळ करावी इतक्या सहज. संध्याकाळपर्यंत मी ते विसरलेही.

गप्प बसता आलं असतं. त्याला काही कळलं नसतं, असं मला वाटत होतं. पण बशीतला तो वर चढलेला सुळा माझ्याकडे बघत होता.

"मी सांगितलं होतं तिला," मी म्हटलं. "लग्नात. तोंड मीट म्हणून. माझ्यामुळे झालं हे." आणि मला रडू फुटलं.

धाकट्यानं पाण्याचा पेला माझ्यापुढे सरकवला.

"माहीत आहे मला," तो म्हणाला.

मी पेला उचलला होता, तो तसाच खाली ठेवला.

"लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी तिनं सांगितलं होतं. मी म्हटलं, ताईला जाब विचारतो. तिनं मला शपथ घातली. म्हणाली, ताईंनी माझ्या भल्यासाठीच सांगितलं, त्यांना वाईट वाटेल. डॉक्टरांकडून दात सरळ करून घेऊ म्हटलं, तर तेही नको. घरात काय, कुठे फोटो निघतोय, म्हणायची."

"मग आत्ता, कोण जाणे, असं का म्हणालास?"

"तू सांगतेस का, ते बघत होतो," तो शांतपणे म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

आता त्याचे डबे उघडायला लागलेत. बाईंबरोबरचे आठवडे चालू आहेत आणि हेडफोनही तो घालतो. मेणाचे दात काचेच्या डबीत ठेवलेत आणि फोटो पुन्हा भिंतीवर आलेत, आपापल्या चौकोनात. भाची आली की आधी डबीकडे जाते, म्हणते, "आई!" मी मात्र त्या भिंतीकडे बघायचं टाळते. लग्नाच्या फोटोत ती मधोमध उभी आहे, ओठ घट्ट मिटून. तिच्या शेजारी मी. तेव्हाचे माझे दात माझे स्वतःचे होते, आणि सगळेच्या सगळे दाखवून मी हसते आहे.