बांधाबाहेरचं शेत

सासूबद्दल चांगलं बोलणाऱ्या जावयाकडे आमच्या गावात संशयाने पाहतात. याला तिच्याकडून काहीतरी हवं असणार, असं लोकांना वाटतं. माझी सासू पेरीन आता नाही, आणि होती तेव्हाही तिच्याजवळ देण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्यामुळे मला मोकळेपणाने बोलायला हरकत नाही.

गाव तिला 'पेरीन बार्नाबेची' म्हणायचं. आमच्या अकादीत, म्हणजे समुद्रापलीकडच्या या फ्रेंच वसाहतीत, आडनावं मोजकी आणि माणसं भरमसाट, म्हणून बाई नवऱ्याच्या नावाने ओळखायची आणि पुरुष बापाच्या नि आजोबांच्या. मी 'क्लोद झाँचा मार्तँचा'. गावात जिला मावशी म्हणता येणार नाही अशी बाई शोधून सापडायची नाही. लग्न ठरलं की पाद्रीबाबा दोघांमधल्या पिढ्या बोटांवर मोजायला बसायचे आणि घोटाळा झाला की "देव समजून घेईल" म्हणून उठायचे.

पेरीन लहान असताना फ्रान्सहून आली. जहाजात तिला जी उलटी सुरू झाली ती इथल्या पोर-रोयाल बंदराचा किनारा लागल्यावरच थांबली. तिचा बाप तिकडे मिठागरात कामाला होता. सगळं आयुष्य समुद्राचं पाणी आत घेण्यात गेलेलं, आणि इथे आल्यावर तेच पाणी बाहेर ठेवायचं! "समुद्र तोच आहे," तो म्हणायचा, "मी फक्त बाजू बदलली."

बार्नाबेशी लग्न झालं आणि दोघं इकडे मीनच्या खाडीवर आली. आमच्या खाडीची भरती पाहिलेला माणूस दुसऱ्या कुठल्या भरतीला भरती म्हणत नाही. सकाळी जिथे गुरं चरतात तिथे दुपारी जहाज फिरू शकतं. अशा समुद्राकडून खाजण, म्हणजे भरतीखालची दलदल, काढून घ्यायचं म्हणजे वाघाच्या तोंडातून घास काढण्यासारखं. गवताच्या मुळांसकट चिखलाच्या ढेपा कापायच्या, गवताची बाजू समुद्राकडे ठेवून एकावर एक दाबायच्या, आणि बांधाच्या पोटात पोखरलेल्या ओंडक्याची उघाडी बसवायची. उघाडीला एक लाकडी झापड असते. ओहोटीला पावसाचं पाणी तिला ढकलून बाहेर जातं आणि भरती आली की तीच झापड समुद्राच्या तोंडावर बंद होते.

बार्नाबेने पहिल्या वर्षी ही झापड उलटी बसवली. समुद्र आरामात आत आला आणि आतच राहिला. शेताचं तळं झालं. गाव बघायला लोटलं.

"बार्नाबे, अरे हे काय?"

"बदकं तरी आली," बार्नाबे म्हणाला.

पेरीन हसली नाही. झापड सुलट झाल्यावरही मीठ धुऊन निघायला पावसाळे जावे लागतात, आणि तोवर खायला सलगम आणि कोबी. त्या खारट दिवसांत तिची दोन पोरं गेली. त्यानंतर शेतात पहिला गहू उभा राहिला तेव्हा ती दिवसभर बांधावर बसून राहिली. त्या दिवसापासून ती त्याला 'माझं शेत' म्हणू लागली. आमचं नाही, बार्नाबेचं नाही, माझं. खाडीच्या वळणावर, गावाच्या अगदी टोकाला होतं ते. बांधाला धडक बसायची ती पहिली तिथेच. बाकीचं गाव त्याच्या आडोशाला.

तिची धाकटी सेसील मला आवडली. आमच्याकडे मुलाने स्वतःच्या हाताने गाडीच्या चाकांची जोडी करून दाखवायची आणि मुलीने चादरींचा जोड विणून दाखवायचा, मग लग्न. मी माझी चाकं घेऊन गेलो. पेरीनने एक चाक उतारावरून सोडलं. ते डावीकडे गेलं, उजवीकडे गेलं आणि कुंपणाला टेकून थांबलं.

"हे चाक आहे की पिऊन आलेला पाहुणा?" ती म्हणाली.

"मावशी, उतारच वाकडा आहे."

"उतार देवाने केलाय. चाक तू केलंयस. परत कर."

मी परत केली. दुसरी जोडी सरळ गेली. लग्न कापणीनंतर करायचं ठरलं.

त्याच उन्हाळ्यात, गवत कापायच्या दिवसांत, बॉस्टनवाले इंग्रज आले. आमचं आणि त्यांचं भांडण असं काही नव्हतं. त्यांच्या राजाचं आणि आमच्या राजाचं होतं, आणि दोघेही राजे फार लांब राहत होते. खाडीत त्यांच्या होड्या दिसल्या तशी आम्ही गुरं, पोरं आणि हाताला लागेल ते घेऊन रानात पळालो. या मुलखातले मूळचे रहिवासी, आमचे मिकमाक शेजारी, यांनी आत, त्यांच्या झोपड्यांपाशी जागा दिली. सगळे आल्यावर मोजदाद केली तर बार्नाबेची डुकरीण नव्हती.

"राहू दे ती," पेरीन म्हणाली.

"गाभण आहे गं. आलोच."

डुकरीण संध्याकाळी आपली आपण चालत आली. बार्नाबे आला नाही. धडधाकट दिसणाऱ्या कितीतरी पुरुषांबरोबर त्यालाही होडीत घालून बॉस्टनला नेलं होतं. पेरीन त्या डुकरिणीकडे अशी बघत बसली की सेसीलने ती लांब नेऊन बांधली.

परत आलो तर घरांच्या जागी धुरांडी उभी होती. घरं पुन्हा बांधता येतात. पण त्यांनी कुदळी घेऊन बांधही फोडले होते. चर्चजवळचं भगदाड लहान होतं, ते आम्ही लगेच बुजवलं. दुसरं होतं वळणावर, पेरीनच्या शेतात. तिथून समुद्र रोज दोनदा आत येत होता आणि जाताना बांधाचा एकेक लचका घेऊन जात होता. हिरवा गहू पाण्याखाली पिवळा पडत चालला होता. पौर्णिमेचं उधाण जवळ आलेलं, आणि काम करायला उरले होते म्हातारे, बायका आणि मी, जो पळण्यात वाकबगार म्हणून वाचलो होतो.

बांधाचं काम ग्रेग्वार बघायचा. सेसीलचा बाप्तिस्म्याच्या वेळचा धर्मपिता. गुडघे गेलेले, आवाज शाबूत. त्याने सगळ्यांना बोलावलं आणि काठीने चिखलात एक रेघ ओढली.

"वळणावरचं भगदाड आपल्याने बुजणार नाही. इथे, आतल्या बाजूला, आखूड बांध घालू. अंतर थोडं आहे. उधाणाआधी होईल. गाव वाचेल."

रेघेच्या अलीकडे सगळ्यांची शेतं होती. पलीकडे एकच.

"ग्रेग्वार," पेरीन म्हणाली, "तुझी काठी जरा घसरली."

"नाही घसरली, पेरीन."

"माझं शेत समुद्रात ठेवलंस."

"समुद्र आधीच त्यात आहे गं. मी काय करू? माणसं कुठायत?"

"तुझं शेत टोकाला असतं तर रेघ कुठे आली असती?"

ग्रेग्वारने काठी चिखलातून उपटली. "तिथेच आली असती," तो म्हणाला, "पण मी तुझ्याहून जास्त ओरडलो असतो."

कुणीतरी हसलं. पेरीनने मान वळवून पाहिलं तसं हसणं थांबलं.

"नवरा नेला," ती म्हणाली. "घर जाळलं. ते शत्रू होते, त्यांचं कामच ते. तुम्ही माझे भाऊबंद. माझ्या घरातल्यांनी खायचं काय, ते एकदा सांगा आणि मग खुशाल ओढा रेघा."

ती तशीच वळणाकडे चालू लागली. सेसील तिच्या मागे, आणि सेसीलच्या मागे मी. मला ते भगदाड बुजेल असं वाटत नव्हतं. पण होऊ घातलेल्या सासूला असं तोंडावर सांगणाऱ्याची ती सासू होत नाही.

ओहोटीला आम्ही भगदाडात खुंट ठोकले. चिखल मांडीपर्यंत. खुंटांना आडव्या लावायला फळ्या नव्हत्या, ज्या होत्या त्या जळल्या होत्या. पेरीनने माझ्याकडे पाहिलं.

"तुझी चाकं कुठायत?"

"रानात नेली होती. आहेत."

"आण."

"मावशी, ती लग्नाची—"

"आण म्हटलं ना. शेत नसेल तर गाडीत काय, वारा भरणार आहेस?"

दोन्ही चाकं खुंटांमध्ये उभी बसवली. आऱ्यांमधून फांद्या विणल्या, वर ढेपा. तरी मधून चिखल ओघळून जायचा. तेव्हा सेसील उठली, तिच्या चादरी घेऊन आली आणि फाडायला लागली. वर्षभर विणलेल्या. त्यांच्या पिशव्या करून आम्ही चिखल भरला. पेरीन तिच्याकडे बघत नव्हती. दोघी मायलेकी पाठीला पाठ लावून फाडत होत्या आणि भरत होत्या.

त्यानंतरची भरती आली आणि थांबली. खरंच थांबली. पाझरत होतं, पण आत येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी शेजारची हुगेत आली, तिच्या मागे तिच्या सुना, मग आणखी काही बायका.

"ग्रेग्वार चिडलाय," हुगेत म्हणाली. "म्हणतो तिकडची माणसं इकडे आली."

"मग जा परत."

"जाते. आधी ही ढेप कुठे ठेवू ते सांग."

पेरीन त्या दिवशी पहिल्यांदा नीट जेवली. जेवण म्हणजे मिकमाक म्हातारीने दिलेली खारवलेली बाम मासळी आणि झऱ्याचं पाणी. "बार्नाबे आला की त्याला हे दाखवीन," ती म्हणाली. "म्हणावं, बघ, यात झापड नाहीच, त्यामुळे उलटी बसायची सोय नाही."

उधाण भर दुपारी आलं. ऊन पडलं होतं. पाणी वर येताना घाई करत नव्हतं. ते चाकांच्या मधल्या तुंब्यांपर्यंत आलं, मग वरच्या धावांपर्यंत, मग ढेपांवरून एक पातळ थर आत सांडला. आम्ही पाठी लावून उभे होतो. जणू समुद्राला कळणार होतं की इथे माणसं उभी आहेत. मग माझ्या पाठीमागे काहीतरी हललं. डावं चाक फिरायला लागलं होतं. मी केलेल्या चाकांपैकी तेवढंच एक इतकं सरळ फिरलं.

सेसीलने मला बाहेर ओढलं. पेरीनला हुगेतच्या सुनांनी. भगदाड आधी होतं त्याच्या दुप्पट झालं आणि पाणी पेरीनच्या शेतातून गावाकडे धावलं.

आतला बांध पुरा झाला नव्हता. मधे गाडी जाईल एवढी फट राहिली होती. हुगेत, तिच्या सुना आणि बाकीच्या बायका वळणावर आल्या नसत्या तर राहिली नसती. फटीत ग्रेग्वार गुडघ्यांवर बसून ढेपा लावत होता आणि देवाला शिव्या देत होता, पाद्रीबाबांच्या देखत.

पेरीन लाकडी जोडे हातात घेऊन धावली. मला वाटलं, म्हातारी ग्रेग्वारच्या डोक्यात जोडा घालणार. त्यालाही तसंच वाटलं असावं. त्याने हात वर केला. तिने त्याच्या बाजूची कुदळ उचलली.

"ढेपा कुठून घेताय?"

"टेकाडाकडून."

"तोवर बुडाल."

चांगली घट्ट मुळांची ढेप हाताच्या अंतरावर होती, फटीच्या बाहेर, तिच्याच शेताच्या कडेला, जिथे पाणी अजून घोट्याएवढं होतं. ती त्यात उतरली आणि कापायला लागली.

"पेरीन, तिकडचं नको गं," हुगेत म्हणाली, "ते तुझं—"

"धर. गवत बाहेरच्या अंगाला. बाहेरच्या, मूर्ख बाई, समुद्राकडे!"

आम्ही सगळे हातोहात लागलो. ती कापत होती, आम्ही लावत होतो. पाणी तिच्या कमरेला लागलं तेव्हा ग्रेग्वारने तिला बखोटीला धरून आत घेतलं आणि शेवटची ढेप तिच्या हातात दिली. ती तिने लावली, टाचेने दाबली. बांध धरला.

सगळे होते तिथेच चिखलात बसले. मग ग्रेग्वार म्हणाला, "माझ्या शेतातला एक पट्टा तुझा."

"कुठला?"

"उत्तरेकडचा."

"जिथे पाणी साचतं तो. ओळखलं मी तुला." आणि ती बांधावर बसून रडली. मी तिला रडताना पाहिलं ते तेवढंच.

तो पट्टा तिने घेतला. आतली शेतंही खारट झाली होतीच. पावसाळे जाईपर्यंत सगळं गाव सलगमांवर जगलं, आणि सगळं गाव जगलं असंही नाही. आमचं लग्न चाकांशिवाय आणि चादरींशिवाय झालं. पाद्रीबाबा जरा घुटमळले तशी पेरीन म्हणाली, "चाक नसलेला जावई आणि चादर नसलेली मुलगी. शोभतात एकमेकांना. उरका."

कैद्यांची अदलाबदल झाली तेव्हा बॉस्टनहून होडी आली. बार्नाबे तिच्यात नव्हता. ताप आला होता, असं बरोबरच्यांनी सांगितलं. पेरीनने एकच विचारलं, की तिकडे खायला काय देत होते. मका, ते म्हणाले. "मका त्याला सोसत नाही," ती म्हणाली आणि घरी जाऊन चूल पेटवली.

मग ती बरीच वर्षं आमच्याकडे राहिली. आमची पोरं तिने वाढवली, माझी चाकं नापास करत राहिली. बॉस्टनहून परतलेली माणसं हळूहळू कामाला लागली, आणि दर वसंतात पेरणीआधी ती ग्रेग्वारकडे जायची.

"यंदा बांध पुढे, वळणापर्यंत सरकवायचा?"

"यंदा माणसं कमी आहेत, पेरीन. पुढच्या वर्षी."

कधी माणसं कमी, कधी लढाईची हूल, कधी त्याचे गुडघे. तो खोटं बोलत नव्हता. तीही भांडायची नाही. विचारायची आणि परत यायची.

ग्रेग्वार गेला त्या वर्षी तिने त्याच्या मुलाला विचारलं. पोरगा भला होता. तो उठून उभा राहिला, टोपी काढली आणि म्हणाला, "कुठला बांध, पेरीनमावशी?"

तिने त्याला दाखवायला म्हणून काठी उचलली. भरती होती, वळणापर्यंत नुसतं पाणीच पाणी. काठी ती कितीतरी वेळ तशीच धरून उभी राहिली, आणि तो बिचारा पाण्याकडे बघत राहिला.