फ्रॉकचं माप

गुलमंडीतल्या माझ्या कापडाच्या दुकानात सिल्लोडचा एक माणूस दर दिवाळीला मुलीसाठी फ्रॉक घ्यायला यायचा. माप विचारलं की मांडीशी हात धरून म्हणायचा, "एवढी हाय." घटस्फोटानंतर मुलगी आईकडं राहिली होती. कोर्टानं नेमून दिलेल्या दिवशी, कोर्टातल्याच एका खोलीत, ती त्याला तासभर भेटायची. हात मात्र दरवर्षी तिथंच.

एकदा मी वैतागून म्हणालो, "अहो, पोरगी वाढली असेल की!"

"आसंल," तो म्हणाला. "पर उभी कुठं बघितली? मी जातो तवा ती आईच्या मांडीत तोंड खुपसून बसलेली असती. तास सरला की आधी मलाच बाहेर काढतात."

मी गुपचूप मोठा फ्रॉक बांधून दिला.

यंदा आला, तेव्हा त्याचा हात उठलाच नाही. "आता तिला आणीतच नायत," तो म्हणाला. "तुमीच सांगा शेठ, सात वर्साची पोर केवढी असती?"

मी कमरेच्या जरा वर हात धरला. माझ्या हाताखालच्या मोकळ्या जागेकडं तो बघतच राहिला. मला हात खाली घेववेना.