रुधिराचं कवच

जांभूळ गावची बकुळा कारखान्याचा जिना चढून आली की बायका आपापल्या मशीनवर खाली माना घालून बसत. आज कोणावर पाळी येणार ते कोणालाच ठाऊक नसे. कोणाची शिवण वाकडी, कोणाचा डबा वास मारतो, कोणाचा नवरा बाजारात कोणाबरोबर दिसला, बकुळा सगळं मोठ्याने बोलायची आणि वर म्हणायची, "मी खरं ते तोंडावर बोलते." तोंडावर बोलायची हे खरंच. मात्र कोणी तिच्या तोंडावर काही बोललं की हिला दोन दिवस जेवण जायचं नाही, हे कारखान्यात कोणाला माहीत नव्हतं.

उल्हासनगरच्या कॅम्प दोनमधल्या त्या माळ्यावर कारखान्याचे मालक गोपसेठ टीव्ही मालिकांचे कपडे शिवून द्यायचे. राजांचे अंगरखे, पऱ्यांचे पंख, राक्षसांची शिंगं, सगळं तिथून जायचं. त्यातली कवचं बकुळाची. रेक्झिन आणि फोमचं असं कवच ती शिवायची की पडद्यावर ते लोखंडाचं वाटावं. तिच्या कवचाची एक खोड होती. शेवटची शिवण कुठे घातली आहे ते कोणाला सापडत नसे. खवल्यांच्या एखाद्या ओळीखाली ती शिवण दडवायची आणि वरून सोल्यूशन लावून खवले चिकटवायची. याला कारण होतं. पूर्वी प्रज्वल नावाच्या पोराला तिने जीव लावून काम शिकवलं होतं. त्याने तिचेच नमुने उचलून कॅम्प एकला स्वतःचं दुकान थाटलं आणि बाजारात समोर आला तेव्हा ओळखसुद्धा दाखवली नाही. तेव्हापासून बकुळाने कोणाला काही शिकवलं नाही.

तिचं सगळ्यात नावाजलेलं कवच होतं रुधिराचं. 'नीलमगडाची वारस' नावाची मालिका रोज संध्याकाळी लागायची. जादू, उडते घोडे, बोलणारे डोंगर, सगळा मालमसाला. रुधिरा ही त्यातल्या सेनापतीची दत्तक मुलगी. भांडखोर, कोणाला बरं म्हणून न बोलणारी, राजकन्येवर सतत जळणारी. खांद्यांवर काटे असलेलं तिचं काळं कवच बकुळाच्या हातचं. कारखान्यातल्या बायकांनी बकुळालाच रुधिरा म्हणायला सुरुवात केली. पाठीमागे म्हणायच्या, पण बकुळाच्या कानाला काय ऐकू येत नव्हतं? तिने त्यांना शिव्या घातल्या. मनातून मात्र तिला बरं वाटलं. आपल्यासारखी एक बाई रोज टीव्हीवर दिसते आणि जग तिला घाबरतं, ही काही वाईट गोष्ट नव्हती.

मग मालिकेने रंग बदलला. रुधिरा मवाळ होऊ लागली. तिच्या बापाने लहानपणापासून तिला राजकन्येच्या शेजारी उभं करून कमी लेखलं होतं, असं दाखवलं. ती एकटीच तळ्याकाठी बसून रडली. आणि बकुळाच्या घरात सगळ्यांना तिचा पुळका आला. नवरा महेश जांभूळच्या पाणी केंद्रावर पंप बघायचा, तो कधी मालिका बघायचा नाही, तोही जेवता जेवता थांबला. सासू, तानीबाई, पदराने डोळे पुसत म्हणाली, "कती सोसलंय गं त्या पोरीनं."

"आई, ती इनसिक्युअर आहे ना, म्हणून तसं तोडून बोलते," किर्ती म्हणाली. ही बकुळाची कॉलेजात जाणारी मुलगी.

"आणि मी बोलते ते?" बकुळाने विचारलं.

"तू? तुझा स्वभावच आहे."

बकुळाच्या अंगाचा तिळपापड झाला. ती बाई बोलली की तिच्या मनातली जखम, आणि ही बोलली की हिची जीभ. हा कुठला न्याय? बकुळाला कोणी शेजारी उभं करून कमी लेखलं नव्हतं? तिची धाकटी बहीण गोरी आणि गोड बोलणारी. पाहुणे आले की धाकटीला पुढे करायचे आणि बकुळाला चहा ठेवायला आत पाठवायचे. पण ते कोणी टीव्हीवर दाखवलं नाही, त्यामुळे कोणाचे डोळे भरून आले नाहीत. स्वतःच्या हाताने जिचं कवच शिवलं तिचाच बकुळा हेवा करू लागली. पडद्यावरच्या बाईवर जळणारी ही बाई, हसायचं तर हसा, पण ती खरोखर जळत होती.

त्यात कारखान्यात तेजल आली. अंबरनाथची, विशी नुकती ओलांडलेली, हळू बोलणारी. हात मात्र असा की मलमलवर टाका घातला तर दिसू नये. गोपसेठ तिच्या मशीनपाशी उगाच थांबू लागले. बायका तिला डब्यातली भाजी वाढू लागल्या. बकुळाला इतक्या वर्षांत कोणी भाजी वाढली नव्हती. ती घेणार नाही असं सगळे धरून चालले होते, आणि तिने घेतलीही नसती, पण विचारायला काय जात होतं?

एके दिवशी मालिकेच्या कपडेपटाचा आकाश रुधिराच्या नव्या वेशाचा फोटो घेऊन आला. करडा, साधा, अंगासरसा बसणारा अंगरखा. काटे नाहीत, खवले नाहीत. बकुळाने हात पुढे केला. गोपसेठांनी फोटो तेजलला दिला.

"रुधिरा माझी आहे, सेठ," बकुळा म्हणाली.

"पुरानी रुधिरा तुझी होती, बकुळा. ही आता बदलली ना. हिला हलका हात पाहिजे. तुझा हात जड आहे."

सगळ्यांच्या देखत म्हणाले. बकुळाच्या ते जिव्हारी लागलं. तिने रागाने मशीन इतकं जोरात चालवलं की दोरा तुटला.

आकाशचं अजून काम उरलं होतं. रुधिरा राजकन्येसमोर स्वतःचं कवच उतरवते, असा प्रसंग होता. कवचाला मागे चेन होती, पण ती मदतनीस बाई लावायची. आता रुधिराने स्वतःच्या हाताने एका ओढीत ते कुशीकडून उघडायचं होतं. म्हणजे कवच उसवून, आत वेलक्रोची चिकटपट्टी लावून, परत बंद करायचं. दुसरं कवच मारामारीच्या प्रसंगात फाटून गेलेलं, त्यामुळे हे एकच. परवा संध्याकाळी हवं.

"बकुळा, हे तर तुझंच काम," गोपसेठ म्हणाले.

"माझा हात जड आहे ना? हलक्या हाताला द्या," बकुळा म्हणाली.

तिला वाटलं होतं सेठ मनधरणी करतील. थोडा भाव खाऊ, मग घेऊ. पण गोपसेठ व्यापारी माणूस. त्यांनी खांदे उडवले आणि कवच तेजलच्या मशीनवर ठेवलं. बकुळाने स्वतःच्या तोंडाने स्वतःचं काम घालवलं.

पुढचा दिवसभर ती तेजलकडे चोरून बघत होती. पोरगी कवच उलटं करायची, सुलटं करायची, अस्तरावरून बोटं फिरवायची. शिवण कुठे आहे ते सापडत नव्हतं. भलत्या जागी ब्लेड लावलं असतं तर रेक्झिन चिरलं असतं, आणि जवळून घेतलेल्या शॉटमध्ये ती चीर दिसली असती. बकुळाला आतून गुदगुल्या होत होत्या. शोध म्हणावं, हलका हात आहे ना. शोध. संध्याकाळी घरी गेली तेव्हा ती महेशशी चक्क गोड बोलली, तर त्याने काळजीने विचारलं, "बरं वाटत नाय का?"

दुसऱ्या दिवशी दुपारी गोपसेठ जेवायला घरी गेले. तेजल कवच घेऊन बकुळापाशी आली.

"मावशी, मला नाही जमत. तुम्ही दाखवाल?"

"तुला सगळं येतं असं सेठ सांगत फिरतात ना?"

"ते सांगतात. मला माहितीय मला काय येत नाही ते." तेजल तिथेच उभी राहिली. "सकाळपासून तीनदा ब्लेड हातात घेतलं. हे कापायला हात उचलत नाही. इतकं सुंदर काम मी बघितलं नाही कधी."

बकुळाने तिच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. मस्का लावतेय का? लावत नव्हती. इतकी वर्षं लोक तिच्या कवचाला भारी म्हणाले होते, मजबूत म्हणाले होते. सुंदर कोणी म्हटलं नव्हतं. आणि म्हणावं ते नेमकं या पोरीने, याचाही बकुळाला रागच आला. तिला वाटलं नाही म्हणावं. प्रज्वल आठवला. एकदा दाखवलं की गेलं, मग कवचंही हिचीच.

"आण इकडे. आणि बघ नीट, परत सांगणार नाही," ती खेकसली. डाव्या कुशीतली खवल्यांची ओळ तिने वाफेवर धरली, सोल्यूशन सैल झालं, खवले सुटले आणि खाली शिवण दिसली. तेजलने पुढचं काम स्वतः केलं. बकुळा शेजारी बसून चुका काढत राहिली, अगदी नसलेल्यासुद्धा.

संध्याकाळी आकाशने कवच स्वतःच्या अंगावर चढवून ओढलं. एका झटक्यात उघडलं. बायकांनी टाळ्या वाजवल्या.

"वाह बेटा," गोपसेठ तेजलला म्हणाले. "बकुळाचं काम उघडणारा आजतक कोणी भेटला नव्हता."

"सेठ, बकुळामावशींनी दाखवलं," तेजल म्हणाली.

सगळे हसले. गोपसेठ तर पोट धरून हसले. "बकुळाने? अरे, ती कोणाला सुई पण उधार देत नाही. काय बकुळा, तू दाखवलं?"

मस्करीत विचारलेला प्रश्न. हो म्हणावं असं बकुळाला फार वाटत होतं. पण त्या हसण्याने ती पेटली होती. आपण चांगलं वागलो हे यांना पटवून देत बसायचं? हात जोडून सांगायचं का, खरंच हो, मी चांगली आहे?

"मी कशाला दाखवू? तिचं तिने शोधलं," ती म्हणाली.

गोपसेठ तेजलकडे वळले. "मग खोटं कशाला बोलते, बेटा? मक्खन लावते तिला?"

तेजलचा चेहरा उतरला. तिने फक्त बकुळाकडे पाहिलं, आणि बकुळाला ती नजर ओळखीची वाटली. पाहुण्यांसमोरून आत जायला सांगितलेल्या मुलीची ती नजर होती. आज आत पाठवणारी बकुळा होती.

"ती खोटं नाही बोलली, सेठ. मी बोलले," बकुळा म्हणाली. आवाज तिचा नेहमीचाच, भांडायला उठल्यासारखा. "मी दाखवलं. आणि काल दिवसभर मुद्दाम गप्प बसले. ती फसावी, तिच्या हातून ते फाटावं आणि तुम्ही तिला काढावं म्हणून. मला तिचा हेवा वाटतो. अजून वाटतो."

कोणी पुढे होऊन बकुळाला जवळ घेतलं नाही. आकाशने कवच पिशवीत भरलं. गोपसेठ दिवे बंद करायला सांगून खाली उतरले. तेजलसुद्धा निघून गेली.

रिक्षात बकुळा रागाने रडली. हे असं असेल तर कशाला बोलायचं माणसाने? दुसऱ्या दिवसापासून काम पहिल्यासारखं सुरू झालं. बायका अजूनही तिला बघून माना खाली घालत. तेजल शिवण विचारायला येई आणि बकुळा वसकन अंगावर जाऊन मग सांगे. तेजलचा करडा अंगरखा तयार झाला तेव्हा तो इतका चांगला झाला होता की बकुळाला दुपारचा डबा गोड लागला नाही.

काही आठवड्यांनी तो भाग लागला. घरात सगळे टीव्हीसमोर. रुधिराने कुशीला हात घातला, कवच एका ओढीत उघडलं, खाली पडलं. आत तेजलचा अंगरखा. "मी तुझं वाईट चिंतलं होतं," रुधिरा राजकन्येला म्हणाली, "कारण मला तुझा हेवा वाटत होता." मागे बासरी वाजली. राजकन्येने धावत येऊन तिला मिठी मारली, सेनापती रडला, बोलणारा डोंगरसुद्धा दोन शब्द बोलला.

किर्ती हुंदके देत होती. महेशने चष्मा काढून पुसला.

"असं चारचौघांत कबूल कराया कती मोठं काळीज लागतं," तानीबाई म्हणाली आणि सुनेकडे वळली. "शीक काहीतरी तिच्याकडनं."

बकुळाच्या डोक्यात तिडीक गेली. त्या दिवशी माळ्यावर मिठी हिला हवी होती, तर ती तिकडे त्या बाईला मिळाली. हिच्यासाठी बासरी तर दूरच. घरातले तिघेही तिच्या तोंडाकडे बघत होते, आता ही काय फाडून खाणार म्हणून.

"हो आई," बकुळा म्हणाली, "लागतं." आणि ताटं घ्यायला उठली.