लघवीची पिशवी आणि माझी सही

लोखंडेबाईंनी रामटेकच्या शाळेत मला विज्ञान शिकवलं नसतं, माझ्या बापासमोर बसून नर्सिंगचा फॉर्म भरायला लावला नसता, तर मी नर्स झाले नसते. आणि धरमपेठेतल्या त्या दवाखान्यात मोठ्या डॉक्टरांनी लघवीची पिशवी माझ्या तोंडासमोर धरली नसती.

"सिस्टर, ही बिछान्यावर कशी आली?"

बायकांचा सगळा जनरल वॉर्ड ऐकत होता.

"लोटा घेऊन शेतात जाणाऱ्यांना नर्स केलं की हेच होणार."

दोन शिकाऊ डॉक्टर हसले. मीही हसले. त्या हसण्याची मला अजून किळस येते.

पिशवी कमलकाकूंची होती. मौद्याकडच्या शेतकरीण. गर्भाशय काढलेलं, आज तिसरा दिवस. लघवीची नळी दुसऱ्या सकाळीच काढायला हवी होती. स्पेशल रूममधल्या बायकांची काढलीही होती. जनरल वॉर्डात नळ्या तशाच राहायच्या. वीस खाटांना एक आयाबाई. बायकांना धरून संडासापर्यंत नेणार कोण? नळी असली की बाई पडून राहते. कुणाला त्रास नाही.

आदल्या संध्याकाळी काकूंचे भासरे, म्हणजे थोरले दीर, भेटायला आले. काकूंनी डोक्यावर पदर घेतला आणि खाटेला टांगलेली पिशवी उचलून पोटावर ठेवली. वरून पांघरूण. पिशवी वर गेली की त्यातली लघवी परत मूत्राशयात जाते आणि जंतुसंसर्ग होतो. सकाळी काकू तापानं कुडकुडत होत्या.

डॉक्टर गेल्यावर मी विचारलं, "पिशवी वर काहून घेतली वं काकू?"

"भासरे आले होते ना वं पोरी. त्यायच्यासमोर माही लघवी टांगून ठेवू काय?"

वॉर्डात पडदा नव्हता. पिशवी खाली का ठेवायची, हे मी त्यांना सांगितलंच नव्हतं. आणि टांगली होती दाराच्या बाजूला. मला येता-जाता दिसावी म्हणून.

दुपारी मेट्रननं कागद पुढे केला. 'रुग्णाला सूचना दिल्या होत्या. रुग्णाने पाळल्या नाहीत.' खाली माझ्या सहीची जागा.

"कर वं सही. घरी तूच एक कमावती आहे ना? मग नाटक कायले करून राहिली?"

काकूंना वाचता येत नाही. त्यांच्या नावावर काय चढलं, हे त्यांना कधी कळलंच नसतं. मी दोन्ही ओळी खोडल्या. मेट्रन माझा हात धरायला आली. मी हात सोडवून घेतला.

त्याच संध्याकाळी लोखंडेबाईंना पत्र लिहिलं.

आदरणीय बाई,

आज मी एका कागदावर लिहिलं: 'तिसऱ्या दिवसापर्यंत नळी काढली नाही. पडदा नव्हता. सूचना मी दिल्या नव्हत्या.' मग सही केली. मला शाबासकी देऊ नका. दोन वर्षं मी अशा नळ्या पाहत होते आणि गप्प होते. नळी आज काढली, पण काकूंचा ताप उतरलेला नाही. मला उद्या ऑफिसात बोलावलंय. त्याआधी सकाळचा राउंड आहे. मी प्रत्येक खाटेजवळ मोठ्यानं विचारणार आहे, "हिची नळी अजून का आहे?" उत्तर मिळाल्याशिवाय डॉक्टरांना पुढच्या खाटेकडे जाऊ देणार नाही.

तुमची विद्यार्थिनी